अजून एक ट्रिप निघेल

जून उजाडला की बायकर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ढगांच्या आणि धुक्याच्या फोटोंमध्ये एक वेगळा फोटो हमखास येतो. मागच्या टायरचा. कुणीतरी चाकाजवळ उकिडवं बसून, मडगार्डखाली मोबाइल घालून तो काढलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘आंबोली होईल का यावर?’ पाच मिनिटांत उत्तरं पडतात. ‘होईल रे.’ ‘माझा याहून गोटा होता, गोव्याला जाऊन आलो.’ ‘डबलसीट नसशील तर काय टेन्शन नाही.’ एखादा नुसतं ‘बदल’ असं लिहितो आणि त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

विचारणाऱ्यालाही खरं तर उत्तर नको असतं. तारखा ठरलेल्या असतात, सुट्टी टाकलेली असते, होमस्टेला ॲडव्हान्स गेलेला असतो. त्याला चारचौघांची संमती हवी असते, म्हणजे मनातलं वाक्य पक्कं करता येतं: अजून एक ट्रिप निघेल.

टूरिंग बाइकला कुठला टायर घ्यावा यावर यूट्यूबवर तासन्‌तास ऐकता येईल. रेडियल की बायस, रोडचा की ऑफरोडचा, देशी की परदेशी. ते कामाचं आहे आणि त्यातलं थोडं पुढे येईलच. पण ‘कुठला’च्या आधी ‘कधी’ येतं. आणि ‘कधी’ हा प्रश्न जितका रबराचा, तितकाच स्वतःशी खरं बोलण्याचा आहे. या दुसऱ्या भागाबद्दल यूट्यूबवर फारसं कुणी बोलत नाही.

बोलला होता तो एक इंग्रज गणितज्ञ, मोटारसायकल जन्माला यायच्या आधी. विल्यम किंग्डन क्लिफर्ड. जेमतेम ३३ वर्षं जगला. १८७७ साली त्याचा ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ हा निबंध प्रसिद्ध झाला. विषय तत्त्वज्ञानाचा, पण सुरुवात एका जहाजमालकाच्या गोष्टीने होते. जहाज जुनं आहे, मुळात बांधणीही फार चांगली नव्हती, पुष्कळदा दुरुस्त झालेलं आहे. आता त्यातून देश सोडून निघालेली कुटुंबं प्रवास करणार आहेत. मालकाच्या मनात पाल चुकचुकते. एकदा नीट तपासून, डागडुजी करून घ्यावी का? पण खर्च मोठा. मग तो स्वतःची समजूत घालायला लागतो. इतक्या सफरी झाल्या, इतकी वादळं झाली, दर वेळी परत आलंच ना? वर देव आहे. आणि जहाज बांधणाऱ्यांवर उगाच संशय घेणंही बरं नव्हे. हळूहळू त्याला खरोखरच वाटायला लागतं की जहाज भक्कम आहे. हलक्या मनाने तो निरोप देतो. जहाज भर समुद्रात बुडतं, मालक विम्याचे पैसे घेतो.

क्लिफर्डचं म्हणणं असं की हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचा विश्वास अगदी प्रामाणिक होता. पण समोर जो पुरावा होता त्यावरून तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्क नव्हता. त्याने तो तपासून मिळवला नव्हता. शंका दाबून दाबून मिळवला होता. मग क्लिफर्ड गोष्ट थोडी बदलतो. समजा जहाज बुडालं नाही, सुखरूप पोचलं, पुढेही अनेकदा पोचलं. मग मालक निर्दोष का? तो म्हणतो, तसूभरही नाही. फक्त उघडा पडला नाही, एवढंच.

‘माझा याहून गोटा होता, गोव्याला जाऊन आलो’ हे वाक्य आता पुन्हा वाचा.

क्लिफर्डने उदाहरणाला जहाज का घेतलं असेल, हे त्या काळाकडे पाहिलं की सहज लक्षात येतं. त्याच सुमारास सॅम्युअल प्लिमसोल नावाचा खासदार ब्रिटनमध्ये जुन्या आणि वाजवीपेक्षा जास्त माल भरलेल्या जहाजांविरुद्ध रान उठवत होता. लोक अशा जहाजांना शवपेट्या म्हणत. १८७६ साली कायदा झाला आणि जहाजाच्या बाहेरच्या बाजूला एक खूण करणं सक्तीचं झालं: पाणी या खुणेच्या वर आलं तर माल जास्त झाला. गंमत अशी की ही खूण नेमकी कुठे करायची, हे सुरुवातीला मालकावरच सोडलेलं होतं. ज्याला जितका माल भरायचा, तितकी वर त्याची रेघ. जागा कायद्याने ठरायला पुढे आणखी बरीच वर्षं गेली.

टायरलाही अशी रेघ असते. टायरच्या बाजूला नीट पाहिलं तर एखादा छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं सापडतात. त्या रेषेत वर नक्षीकडे सरकलं की खाचेच्या तळाशी एक बारका उंचवटा लागतो. घासत घासत टायर त्या उंचवट्याला टेकला की त्याचं आयुष्य संपलं. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकी-तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे आणि बाकी वाहनांसाठी १.६ मिलिमीटर. म्हणजे जे वाहन घसरलं तर आडवंच होतं, त्याला निम्म्या नक्षीवर फिरायची मुभा. कायद्याने किमान काय ते सांगितलं. टूरिंगवाल्याने आपली रेघ कुठे मारायची, हे त्याच्यावरच आहे, प्लिमसोलच्या काळातल्या मालकांसारखं. आणि ट्रिप जवळ यायला लागली की ती रेघ सरकते. मार्चमध्ये जो टायर ‘पावसाआधी बदलायचा’ असतो, तोच जूनमध्ये ‘गणपतीनंतर बघू’ होतो. मधल्या काळात टायर आणखी झिजलेला असतो आणि आपलं मत मात्र सुधारलेलं असतं.

इथे एक खरी गुंतागुंत आहे. कोरड्या डांबरावर नक्षी लागतच नाही. मोटोजीपीच्या शर्यतीत कोरड्या ट्रॅकवरचे टायर मुद्दाम गुळगुळीत असतात, कारण जितकं जास्त रबर रस्त्याला चिकटेल तितकं चांगलं. खाचा असतात त्या पाण्यासाठी. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये आलेलं पाणी बाजूला सारायला त्यांना जागा लागते. म्हणून एप्रिलमध्ये एक मिलिमीटरवर आलेला टायर कात्रजच्या वळणांवर मस्त चालतो, आणि ते खोटं नसतं. मालकाचा अनुभव खरा आहे. फक्त तो एप्रिलचा आहे. जुलैतल्या आंबोली घाटाबद्दल तो काहीच सांगत नाही. पुरावा असणं आणि हव्या त्या गोष्टीचा पुरावा असणं यांत फरक आहे, आणि आपली गल्लत बहुतेक वेळा इथेच होते.

शाळेतलं थोडं गणित करून पाहू. ओला घाटरस्ता, वेग ताशी ६० किलोमीटर. चांगल्या टायरची पकड ०.६ धरू, झिजलेल्याची ०.४. हे आकडे मी समजायला घेतले आहेत. पाण्यावर, रस्त्यावर, रबरावर ते बदलतात. ब्रेक लागल्यापासून पहिली गाडी साधारण साडेतेवीस मीटरमध्ये थांबते. दुसरीला पस्तीस मीटरच्या वर लागतात. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो तिसरा आकडा. पहिली गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्या जागी दुसरीचा वेग अजून ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास आहे. समोर म्हैस असो, वळणावर थांबलेली एसटी असो की छत्री घेऊन रस्ता ओलांडणारी शाळकरी मुलगी, फरक एवढा आहे.

नक्षीसारखंच वयाचं. बाजूवर चार आकड्यांचा एक कोड असतो. २३१९ असं असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर वापरलं नाही तरी हवेने, उन्हाने कडक होत जातं. मिशेलिनसारखी कंपनी सांगते की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी शिल्लक असली तरी काढून टाका. वर्षातून दोनदा ट्रिप करणाऱ्यांच्या गाडीवर हाच प्रकार जास्त दिसतो. टायर दिसायला भरलेला, हाताला लाकडासारखा. ‘नक्षी बघ की, नव्यासारखी आहे,’ असं म्हणताना आपण डोळ्यांना दिसणारा पुरावा घेतो आणि न दिसणारा सोडून देतो. नवा घेतानाही हा कोड वाचायचा असतो. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल पुष्कळदा डिस्काउंटने मिळतो.

बरं, आता बदलायचं ठरलं. कुठला?

टायर बनवणारे इंजिनिअर एका त्रिकोणाबद्दल बोलतात, त्याला ते जादूचा त्रिकोण म्हणतात. एका टोकाला ओल्या रस्त्यावरची पकड, दुसऱ्याला टिकाऊपणा, तिसऱ्याला गाडी किती सहज पुढे पळते ते, म्हणजे पर्यायाने पेट्रोलचं ॲव्हरेज. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत घुसतं, दाबलं जातं, सुटतं, त्यात ऊर्जा खातं. त्यामुळेच ते धरून ठेवतं, आणि त्यामुळेच लवकर झिजतं. कडक रबराचं उलट. एक टोक ओढलं की बाकीची आत येतात. १९९०च्या दशकापासून रबरात सिलिका मिसळून हा त्रिकोण थोडा मोठा करता आला. टूरिंगच्या कित्येक टायरमध्ये मध्यभागी कडक आणि कडांना मऊ अशी दोन प्रकारची रबरं असतात, कारण हायवेला मधला भाग घासतो आणि घाटात गाडी झुकली की कडा लागतात. तरी त्रिकोण राहतोच. पैसे कितीही टाका, कुठेतरी काहीतरी सोडावं लागतं.

आता एक विचित्र गोष्ट. या तीन टोकांपैकी ग्राहकाला मोजता येतं ते टिकाऊपण आणि ॲव्हरेज. ओडोमीटर आहे, पेट्रोल पंपाची पावती आहे. पकड मोजायचं साधन आपल्याकडे नाही. कारच्या टायरला युरोपात ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं लेबल लावतात, आपल्याकडेही कार-ट्रकच्या टायरसाठी तशी मानकं आली. मोटारसायकलचे टायर या दोन्हींतून बाहेर आहेत. म्हणून दुचाकीवाल्यांच्या गप्पांत एकच आकडा फिरतो: ‘माझा अठरा हजार चालला.’ ‘माझा बावीस.’ पकड चांगली होती म्हणून जो अपघात झालाच नाही, त्याची गोष्ट कोण सांगणार? त्या माणसालाही तो माहीत नसतो. वरंधा घाटात एका वळणावर त्याने ब्रेक दाबला, गाडी थांबली, त्याने चहा घेतला, पुढे गेला. त्या दिवशी टायरने काय केलं याची कुठेच नोंद नाही.

जे मोजता येतं ते मोठं वाटायला लागतं, म्हणून एकदा पैशांत मोजूनच पाहू. समजा एक टायर पाच हजारांचा आहे आणि पंधरा हजार किलोमीटर चालतो. दुसरा आठ हजारांचा, दहा हजार चालतो, पण पावसात चांगला धरतो. पहिला किलोमीटरमागे ३३ पैसे, दुसरा ८० पैसे. फरक ४७ पैशांचा. पुणे ते गोवा साडेचारशे किलोमीटर धरले तर सव्वादोनशेच्या आत. पणजीत मासळीची एक चांगली थाळीही येणार नाही तेवढ्यात. महाग तो चांगलाच, असं मी म्हणत नाही. महागड्या टायरमध्येही पावसाला भिणारे आहेत. मुद्दा इतकाच की दुकानात उभं असताना तीन हजार डोंगराएवढे दिसतात, आणि तेच रस्त्यावर पसरले की हिशेबात धरावे इतकेही राहत नाहीत.

दिखाऊपणाबद्दल दोन शब्द, कारण तरुण मुलांच्या गाड्यांवर हे फार दिसतं. मोठमोठ्या ठोकळ्यांचा, चिखलात चालणारा टायर. लडाखचं स्वप्न आहे, चांगलं आहे. पण गाडी वर्षभर सिंहगड रोड आणि बेंगळुरू हायवेवर असते, आणि ओल्या डांबरावर त्या ठोकळ्यांतलं फार थोडं रबर रस्त्याला टेकतं. हा टायर जो माणूस गाडी चालवतो त्याच्यासाठी घेतलेला नसतो. इन्स्टाग्रामवरच्या माणसासाठी असतो. मागे वाजवीपेक्षा जाड टायर बसवण्याचंही तसंच. रिम तेवढीच, त्यामुळे टायरचा आकार आवळला जातो, आणि गाडी वळायला कुरकुर करते. आणि फक्त मागचा बदलून पुढचा तसाच ठेवणं तर सर्रास चालतं. मागचा लवकर झिजतो हे खरं. पण जोरात ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, बहुतेक काम तेच करतं. मागचं चाक सरकलं तर सावरता येतं. पुढचं सरकलं की सावरायला वेळच मिळत नाही.

आतापर्यंतचं सगळं एकट्याच्या हिशेबात बसेल. माझा जीव, माझे पैसे, मी बघेन. स्वतःपुरता धोका घ्यायचा माणसाला अधिकार आहे असं मी मानतो. नाहीतर मोटारसायकल विकत घेणंच चुकीचं ठरेल, कारण ती घेताना आपण कारपेक्षा जास्त धोका आपखुशीने पत्करलेलाच असतो. त्याशिवाय पहाटेच्या ताम्हिणीचा वास नाकात येत नाही. हा सौदा मला मान्य आहे.

पण डबलसीट?

टायरवर १२०/८०-१८ ६२पी असं लिहिलेलं असतं. पहिले आकडे मापाचे. ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. ६२ हा वजनाचा आकडा. त्याचा अर्थ हा टायर योग्य हवा असताना २६५ किलो पेलतो. म्हणजे मागे कुणीतरी बसणार आहे, हे टायर बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं आहे. त्या बसणाऱ्याला मात्र कुणी काही विचारलेलं नसतं. ती बहीण असेल, मैत्रीण असेल, पहिल्यांदाच कोकणात निघालेला रूममेट असेल. तिने हेल्मेट घातलं आहे का, जॅकेट आहे का, हे आपण विचारतो. ‘मागचा टायर दीड मिलिमीटरवर आलाय, चालेल ना तुला?’ असं कुणी विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आणि विचारलं तरी ती म्हणेल, ‘मला त्यातलं काय कळतं, तुला माहीत.’ क्लिफर्डच्या जहाजावरची कुटुंबंही हेच म्हणाली असती. ज्याला कळत नाही तो आपल्या कळण्यावर विसंबून मागे बसतो. म्हणून स्वतःच्या बाबतीत ‘बघू’ म्हणणं आणि मागे कुणी बसलेलं असताना ‘बघू’ म्हणणं, या दोन वेगळ्या कृती आहेत. टायर तोच असला तरी.

काही झालं नाही तर मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. क्लिफर्डनंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९७६ साली, बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी या गोष्टीला ‘मॉरल लक’ म्हटलं, नैतिक नशीब म्हणा. नेगलच्या एका उदाहरणात ट्रकचा ड्रायव्हर आहे. त्याने बरेच दिवस ब्रेक तपासलेले नाहीत. मूल आडवं आलं तर तो आयुष्यभर स्वतःला दोष देत राहणार. मूल आलं नाही, तर तो निष्काळजीपणाबद्दल स्वतःला फार तर थोडासा दोष देईल. निष्काळजीपणा दोन्हीकडे तेवढाच. आपण माणसांना दोष देतो तो बराचसा रस्त्यावर काय आडवं आलं यावरून. नेगलला हे कोडं वाटतं आणि तो ते सोडवून टाकत नाही. मला वाटतं, क्लिफर्ड इथे थोडा जास्त कठोर आहे. पोचलेलं जहाज आणि बुडालेलं जहाज यांना एकाच तराजूत तोलणं माणसाला जमत नाही, आणि कदाचित जमूही नये. पण एक बाजू क्लिफर्डची बरोबर आहे. सुखरूप परत आल्यावर ‘बघ, म्हटलं होतं ना’ असं म्हणायचा हक्क कुणालाच मिळत नाही.

क्लिफर्डला उत्तर देणाराही होता. १८९६ साली अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने ‘द विल टु बिलीव्ह’मध्ये म्हटलं की पुरावा पुरेसा होईपर्यंत थांबणं दर वेळी शहाणपणाचं नसतं, काही ठिकाणी आधी विश्वास ठेवला तरच गोष्ट खरी होते. मोटारसायकल चालवणाऱ्याला हे लगेच पटेल. टायरवर भरवसा नसलेला माणूस हँडल आवळून धरतो, वळणात मधेच ब्रेक मारतो, आणि भरवसा नसल्यामुळेच पडतो. भरवसा असलेला सैल बसतो, गाडीला वळू देतो. म्हणजे विश्वास पकड वाढवत नसला तरी असलेली पकड वापरू देतो. पण जेम्सने या मुभेला अटीही घातल्या होत्या. पुराव्याने निकाल लागत नसेल, तिथेच ती मुभा आहे. टायरची नक्षी हा पुराव्याने निकाल लागणारा प्रश्न आहे. गुडघे टेकायचे, मोबाइलचा टॉर्च लावायचा, झालं. आणि हा भरवसा उलटाही अंगाशी येतो. नव्या टायरचा वरचा थर साच्यातून आलेला, गुळगुळीत असतो. पहिले शंभरएक किलोमीटर जपून चालवा असं सांगतात ते त्यासाठी. नवा टायर घातला म्हणून दुकानातून बाहेर पडल्या पडल्या गाडी झुकवणाऱ्यांचीही एक जमात आहे.

आता मला अडचणीची वाटणारी गोष्ट. क्लिफर्डचा जहाजमालक पैसेवाला होता. मी आतापर्यंत ज्यांच्याबद्दल लिहिलं ते सगळे हौशी आहेत; ट्रिप रद्द झाली तरी त्यांचं काही अडत नाही. पण रात्री अकरा वाजता पावसात जेवण पोचवणाऱ्या मुलाचा टायर बघा. त्यालाही माहीत आहे. तो स्वतःला फसवत नाही. त्याच्याकडे पैसे पुढच्या आठवड्यात येणार आहेत आणि ऑर्डर आत्ता आली आहे. त्याला क्लिफर्ड ऐकवायला माझी जीभ रेटणार नाही. ज्याला पर्याय आहे त्याचा ‘चालेल’ आणि ज्याला नाही त्याचा ‘चालेल’ हे उच्चाराने सारखे, वजनाने वेगळे.

आणि या दोघांची गाठ एका जागी पडते, टायरच्या दुकानात. मी माझा टायर काढतो तेव्हा तो जातो कुठे? दुकानदार तो ठेवून घेतो, शेदोनशे रुपये बिलातून कमी करतो. मग त्याच मापाचं चाक असलेल्या कुणाच्या तरी जुन्या बुलेटवर तो चढतो. मी जो धोका स्वतःसाठी नाकारला तो शेदोनशे रुपयांना दुसऱ्याला विकला, असा याचा सरळ अर्थ. काही बायकर म्हणून टायरची बाजू सुरीने कापून टाकतात, पुन्हा वापरताच येऊ नये म्हणून. ते स्वच्छ वाटतं. कापलेला टायर मग भंगारात जातो, आणि तिथून पुष्कळदा टायर तापवून तेल काढणाऱ्या कारखान्यात. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात असे कारखाने आहेत आणि त्यांच्या धुराबद्दल, तिथल्या अपघातांबद्दल आसपासच्या गावांच्या तक्रारीही आहेत. २०२२ पासून जुन्या टायरची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकणारे नियम आले आहेत. पण दुकानाच्या दारात तो प्रश्न अजून मी आणि दुकानदार, दोघांमध्येच असतो.

मी एकदा त्याला म्हटलं, “दादा, हा कापून टाका. कुणाला बसवू नका.”

त्याने टायर फिरवून बघितला, खाचेत नख घातलं. “दोन-अडीच आहे की अजून. साहेब, सकाळी एक दूधवाला येऊन गेला. मागे चार किटल्या. त्याच्या टायरचे दोरे दिसायला लागलेत. तुम्ही हा कापला म्हणून तो नवा घेणारे का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दूधवाल्याच्या बाजूने पाहिलं तर माझा टाकाऊ टायर त्याच्या आजच्या टायरपेक्षा नक्कीच बरा होता. पण दुकानदाराचा युक्तिवाद माझ्या किती सोयीचा होता हेही मला दिसत होतं. बिल कमी होणार होतं, वर पुण्यही मिळणार होतं. इतका सोयीचा विचार पटला की मला जरा भीती वाटते.

तेव्हापासून मी असं करतो. टायर पाच वर्षांच्या आतला असेल, दोन मिलिमीटरच्या वर असेल आणि त्याला मोठं पंक्चर झालेलं नसेल, तर कापत नाही. यातलं एकही जमत नसेल तर समोर उभं राहून कापून घेतो. ठेवला तर त्याचे पैसे घेत नाही, म्हणजे निदान त्या शेदोनशे रुपयांमुळे माझी रेघ सरकणार नाही. आणि दुकानदाराला सांगून ठेवलं आहे की ज्याला बसवशील त्याला तारखेचा कोड दाखव, आणि पावसाळ्यात जपून चालवायला सांग.

“सांगतो की,” तो म्हणतो, आणि पुढच्या गाडीचं चाक सोडायला घेतो.